धागा कोण हलवतंय

गॅलरीत तुळशीच्या कुंडीपासून ग्रिलपर्यंत एका कोळ्याने जाळं विणलंय. काल मी खराट्याचा एक हीर त्या जाळ्याला हलकेच लावला. कोळी धावत आला, हीर चाचपला आणि माघारी गेला. पुन्हा लावला, तर तो जागचा हललासुद्धा नाही. त्याची नजर यथातथाच असते म्हणे. पण धागा वाऱ्याने हलला, वाळक्या पानाने की अडकलेल्या माशीने, ते त्याला पायांतूनच कळतं.

मला हेवा वाटला. खरं सांगायचं तर कोळ्याचा नव्हे, बायकोचा.

मुलगी नोकरीसाठी परगावी असते. तिचा फोन आधी मी घेतो. "मजेत आहे, बाबा," ती म्हणते आणि मी खूश होऊन फोन बायकोकडे देतो. बायको पलीकडून आलेली नुसती "आई" अशी हाक ऐकते आणि विचारते, "काय झालं गं?" लगेच तिकडे रडू फुटतं. फोन तोच, आवाज तोच. मग मलाच का कळत नाही? मी काय शेजारचा काका आहे?

आज फोन आला तेव्हा मी डोळे मिटून, जिवाचा कान करून ऐकलं. आवाज जरा ओला वाटला. बायकोसारखंच हळूच विचारलं, "काय झालं गं?"



"काही नाही, बाबा. आई आहे का जवळ?"

धागा कोण हलवतंय, ते तिलाही बरोबर कळलं होतं.