डायवरकाकांचं पत्र

डायवरकाका पाणी कधी घटाघटा पीत नसत. पेला डोळ्यांसमोर धरून आधी पाण्याची पातळी बघायचे, मगच ओठांना लावायचे. इंजिनाच्या बॉयलरवरल्या काचेत पाणी किती, यावर उमरभर नजर ठेवलेल्या माणसाची ती सवय होती. "पानी दिसलं पायजे पोरी. बॉयलर कोनाले माफ करत नाही," असं म्हणत. चहाच्या कपालाही तोच नियम.

बालाघाटहून जंगलातून जाणाऱ्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, ते आधी फायरमन होते, मग ड्रायव्हर झाले. वाफेची इंजिनं गेली, नंतर छोटी लाइनही उखडली. काकू वारल्यावर काकांनी परसात स्वतःची लाइन टाकली. तीन बोटं रुंदीचे रूळ सीताफळाला वळसा घालून मोरीपर्यंत जायचे. त्यावर बॅटरीचं पत्र्याचं इंजिन धावे, पण काकांना त्याचं कौतुक नव्हतं. "याले ना भूक, ना तहान. हे कायचं इंजिन?"

अशात पुण्याहून त्यांच्या मुलीचा, वनिताचा फोन आला. परदेशातली एक कंपनी काकांच्याच छोट्या लाइनच्या इंजिनाची मोठी प्रतिकृती काढणार होती. हातभर लांब, बागेतल्या रुळांवर चालणारी, पोटात खरं पाणी आणि खाली खरा जाळ. वनितानं वडिलांसाठी एक सांगूनही ठेवलं होतं. मी शेजारची, कोर्टात भाषांतराचं काम करणारी. कंपनीचं नेटवरचं पान उघडून त्यातलं इंग्रजी काकांना समजावणं माझ्याकडे आलं.

त्या दिवसापासून ऐंशी पार केलेला माणूस कामाला लागला. नवं इंजिन मोठं, त्याला जुनं वळण आवळ पडेल, म्हणून कोथिंबिरीचा वाफा उपटला गेला. बांबूच्या कामटीनं मापं घेत ते रूळ पुन्हा बसवू लागले. मी कोर्टात जायला निघाले की कुंपणावरून हाक यायची, "काही आलं काय वं?"

एकदा चित्र मोठं करून पाहताना ते थबकले. "हे चुकलं. रेतीचा पाइप चाकाच्या मांगं देल्ला यायनं." चढावर रूळ ओले असले, पानं पडलेली असली, की चाक जागीच फिरतं, तेव्हा पाइपातून रुळावर रेती सोडतात. "रेती चाकाच्या म्होरं पडाव लागते. मांगं पडून काय उपेग? लामटा टेसनापुढच्या चढावर आमी तसेच घसरत बसलो असतो." कंपनीनं पानावर लिहिलंच होतं, की या इंजिनावर काम केलेल्या कुणाला काही सांगायचं असेल तर कळवा. काकांनी ओसरीवर बसून पत्र सांगितलं, मी वहीत उतरवलं. इंग्रजी करून पाठवायचं माझ्यावर होतं.

मी ते पाठवलं नाही.

वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत राहिले, पण ते खरं नव्हतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मला लाज वाटत होती. मोठमोठे इंजिनिअर मापं घेऊन काम करतात, त्यांना बालाघाटच्या परसातला म्हातारा चूक दाखवणार, आणि खाली नाव माझं. हसतील, असं वाटलं. काकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाठवलं जी." पुढे रोज विचारत, आणि मी रोज म्हणे, "अजून जबाब नाही."

काही महिन्यांनी कंपनीनं तयार झालेल्या पहिल्या इंजिनाचा फोटो टाकला. पाइप मागंच होता. काकांनी मोबाइल बराच वेळ हातात धरला. "त्यायले पटलं नसन. मीच विसरलो असन पोरी. लय वर्सं झाली." त्यानंतर ते बदललेच. चढाची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबत आणि विचारत, "असंच होतं ना?" मी कधी त्या इंजिनावर पाय ठेवला नव्हता. त्यांचं उभं आयुष्य ते माझ्याकडून तपासून घेऊ लागले होते.

एका रविवारी मला ते सहन झालं नाही. काका वळणाचे खिळे ठोकत होते. मी समोर बसले आणि सांगून टाकलं.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "तुले येळ नव्हता, का मी लबाड वाटलो?"

मी मातीत पडलेले खिळे गोळा करू लागले. त्यांना उत्तर कळलं असावं.

"बरं," ते म्हणाले, "आता पाठव. इंजिन नाही बदलनार. पन त्यायले माहीत तं असाव."

त्याच दुपारी त्यांच्यासमोर बसून लिहिलं आणि पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं. ते त्यांना वाचून दाखवणं ही माझी शिक्षा होती, मी एक ओळही गाळली नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, कंपनीनं लिहिलं होतं; आम्ही ज्या जुन्या इंजिनाची मापं घेतली, त्याचे पाइप दुरुस्तीत चुकीचे बसवले गेले होते. पुढच्या खेपेला सुधारू. साचे पाडण्याआधी हे पत्र मिळालं असतं, तर हीच खेप सुधारली असती.

काका उठूनच उभे राहिले. "म्हंजे मी बरोबर होतो!" शेवटची ओळ त्यांनी ऐकलीच नसावी, किंवा ऐकून सोडून दिली असावी. गल्लीत घरोघर सांगत फिरले. मी मात्र मोबाइल हातात घेऊन तिथंच बसून होते.

इंजिन आलं. पकडीनं हळूहळू वाकवत काकांनी पाइप चाकाच्या पुढं आणला, आणि ते हिवाळाभर वाफ सोडत सीताफळाभोवती फिरलं. उन्हाळ्याच्या तोंडावर वनिता त्यांना पुण्याला न्यायला आली. सामान गाडीत चढवताना ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या पत्राचं बाबा फोनवर सारखं सांगतात. ते जरा आधी पोचलं असतं तर इंजिन तिकडूनच बरोबर आलं असतं, नाही? एवढा उशीर कसा लागला?"

मी खरं सांगणारच होते. पण काकाच पुढच्या सीटवरून म्हणाले, "बालाघाटचं नेट तं तुले माहीत हाये. पोरीनं कवाच लिवलं होतं."

वनिता हसली. "हौ, इथलं नेट असंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मान हलवली आणि गाडीचं दार लावलं.