एक नंबर, एक कुटुंब

वाशिमच्या कलेक्टर ऑफिसात जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत, आता हरीओम काळबांडे बसतो. दारावर पाटी आहे: 'जिल्हा समन्वयक, माहिती तंत्रज्ञान व ऑनलाइन सेवा'. पाटी लांब आणि दार अरुंद, त्यामुळे शेवटची 'सेवा' भिंतीवर गेली आहे. आमच्याकडे सेवा दाराबाहेरच मिळते, हे हरीओम येणाऱ्याला स्वतःच सांगून टाकतो. लोक हसणार तर आहेतच, मग विनोदाचा मान आपला असावा, असा त्याचा हिशेब.

नोकरी कंत्राटी, पण पद ऐकायला भारदस्त. शेती, रेशन, आरोग्य आणि महसूल या खात्यांच्या कम्प्युटरांनी एकमेकांशी बोलावं, हे त्याचं काम. माणसं बोलतच होती, गेटबाहेरच्या टपरीवर रोज बोलत होती. पण एका खात्याकडची माहिती दुसऱ्याला द्यायची म्हटली की दोघांनाही पत्र लागे आणि त्या पत्राला वरचं पत्र लागे. मग हरीओम फाईल काखेत मारून या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरे. जिल्ह्यातली सगळी ऑनलाइन यंत्रणा माझ्या गुडघ्यांवर चालते, असं तो म्हणायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

त्याच्या हातून एक घोटाळा झाला, तो धनजला. कारंजा तालुक्यातल्या या गावात त्यानं रेशनपासून फुकट उपचारापर्यंत लागणाऱ्या सरकारी कार्डांचं शिबिर लावलं होतं. दिवसभर सर्व्हर बंद. लोक शाळेच्या ओट्यावर बसून कंटाळले, बाया स्वयंपाकाला घरी जाऊन परत आल्या, आणि दिवस मावळताना सर्व्हर एकदाचा सुरू झाला. आता घाई. मोबाईल नंबरचा रकाना रिकामा सोडला की मशीन पुढे जाऊ देईना, आणि म्हाताऱ्या माणसांकडे मोबाईल कुठला? हरीओमनं स्वतःचा नंबर टाकला. तात्पुरता. एकाच्या नावापुढे टाकला, मग दुसऱ्याच्या टाकला, आणि अर्ध्या गावाला आपला नंबर देऊन तो खुशीत घरी आला.

तात्पुरतं काम सरकारात किती टिकतं हे त्याला, स्वतः सहा वर्षं तात्पुरता असूनही, सुचलं नाही. पुढे त्यानं बैठकांवर बैठका घेऊन सगळ्या खात्यांना एका गोष्टीवर राजी केलं: नागरिकाची माहिती प्रत्येकानं वेगळी विचारायची नाही, एकाच ठिकाणाहून घ्यायची. जिल्ह्यात पहिल्यांदा सगळी खाती एकमतानं वागली. हरीओमची छाती फुगली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन वाजायचा थांबेना, कारण ज्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं होतं ती गोष्ट म्हणजे त्याचा नंबर.

तुरीवर अळी आली, फवारणी करा. रेशनचे तांदूळ आले, घेऊन जा. बाळाच्या लसीची तारीख चुकवू नका. एका सकाळी 'अभिनंदन, गर्भवती माता म्हणून आपली नोंद झाली आहे' असा मेसेज आला. तो बायकोनं, योगिनीनं, आधी वाचला आणि चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "कितवा चालू आहे तुमाले?"

मेसेजचं एक वेळ ठीक, पण ओटीपी. गावात कोणाचं कुठेही काही काम निघालं की हरीओमला फोन यायचा, "भाऊ, आकडा आला काय?" मग तो असेल तिथून आकडा वाचून दाखवायचा. दाढी अर्धी झालेली असताना, मयतीला खांदा देऊन परतताना, सासुरवाडीच्या पंगतीत. एकदा रिसोडच्या कॉलेजात 'ओटीपी कोणालाही सांगू नका' या विषयावर त्याचं भाषण होतं. मध्येच फोन आला. तो माईकपासून जरा बाजूला झाला, पण माईकनं त्याला सोडलं नव्हतं. बबनराव नावाच्या शेतकऱ्याचा ओटीपी त्या दिवशी सगळ्या सभागृहानं लिहून घेतला.

एवढं होऊनही हरीओमला शहाणपण आलं नाही, उलट मान मिळाला. बोगस लाभार्थी कसे रोखावेत याच्या सूचना वरून मागवल्या गेल्या. यानं लिहून पाठवलं: एक नंबर, एक कुटुंब. एकाच नंबरावर अनेक कुटुंबं दिसली की कार्डं आपोआप बंद. सूचना मंजूर झाली. विभागीय बैठकीत त्याला शाल आणि नारळ मिळाला. नारळ फोडताना आई गिरजाबाईनं विचारलं, "कायचा भेटला रे?" आणि यानं ऐटीत सांगितलं, "बोगस लोकायले पकडनारा नियम केला मी." आपल्या खिशातला फोन सबंध जिल्ह्यात सगळ्यात बोगस आहे, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. हुशार माणसाचं असंच होतं, असं तो आता म्हणतो, आणि हुशार हा शब्द मुद्दाम लांबवतो.

सोमवारी नियम लागू झाला. हरीओम खोलीत येऊन पंखा लावतो न लावतो तोच फोनवर मेसेज आला: 'आपला क्रमांक अनेक कुटुंबांशी जोडलेला असल्याने संबंधित सर्व कार्डे स्थगित करण्यात आली आहेत. कृपया आपल्या जिल्हा समन्वयकांशी संपर्क साधावा.' त्यानं तो दोनदा वाचला. तेवढ्यात फोन वाजला. धनजच्या आशा सेविका, उज्ज्वलाताई, वाशिमच्याच एका दवाखान्यातून बोलत होत्या.

"हरीओमभाऊ, प्रयागबाईचं कार्ड बंद दाखवून राह्यलं. आज तिचं खुब्याचं आपरेशन आहे. डाक्टर अकोल्याहून आले. ते म्हनते, दुपारपर्यंत कार्ड चालू नाई झालं त पाळी दुसऱ्याले देऊ. मंग पुढं कवा लागते काय मालूम."

प्रयागबाई हरीओमला चांगली ठाऊक होती. वांगी आणि मेथी लावून ती डोक्यावरून कारंजाच्या बाजारात न्यायची, आणि शिबिराच्या दिवशी तिनंच त्याला घरून भाकर आणून दिली होती. मागच्या महिन्यात ती अंगणात घसरून पडली, तेव्हापासून खाटेवर होती. आता लांबलं तर पुन्हा पायावर उभी राहणं कठीण, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे एका म्हातारीचं चालणं हरीओमच्या नियमात अडकलं होतं.

त्यानं हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाईंच्या गोड आवाजानं सांगितलं की आपली अडचण आपल्या जिल्हा समन्वयकांकडे पाठवत आहोत, कृपया थांबा. थोडा वेळ सनई वाजली. मग त्याच आवाजानं सांगितलं की जिल्हा समन्वयक सध्या दुसऱ्या फोनवर व्यस्त आहेत. हे अगदी खरं होतं.

दुपारी त्याला साऱ्या जिल्ह्यांच्या समन्वयकांना पडद्यावरून हा नियम समजावून सांगायचा होता. 'नियमाच्या अंमलबजावणीत अडकलो आहे, येणं जमणार नाही,' असं साहेबांना कळवून त्यानं लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत टाकलं आणि मोटरसायकलला किक मारली.

प्रयागबाई खिडकीजवळच्या पलंगावर होती. चेहरा उतरलेला, पण त्याला पाहून ती उठायला गेली आणि कळ आली तशी परत टेकली.

"आला काय बाबू. तुलेच तरास."

तिचं कार्ड उघडायला एकच मार्ग होता. तिच्या अंगठ्याबरोबर तिच्या कुटुंबाचा नंबर जोडायचा आणि त्यावर आलेला ओटीपी सांगायचा. उज्ज्वलाताईंच्या नंबरावर त्यांचं स्वतःचं घर होतं. राहिला प्रयागबाईचा मुलगा विकास, पुण्याला कंपनीत. हरीओमनं त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच.

"त्याचा नको टाकू," प्रयागबाई म्हणाली. "कामावर फोन ठिवू देत नाईत त्यायले."

"मंग घरी आल्यावर त उचलन?"

"थकून येते ना तो." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "तुहाच राहू दे. तू उचलते."

हा नंबर मी घाईत, मशीनला फसवायला टाकला होता, हे तिला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. तिला वाटत होतं, त्यानं तो तिच्यासाठी दिलाय.

त्यानं लॅपटॉप उघडला आणि आपल्या नंबरावरून धनज मोकळं केलं. त्या सगळ्यांना आपापले नंबर जोडायला रविवारी पुन्हा गावात शिबिर लावणं भाग होतं. आता नंबरावर एकच कुटुंब उरलं, काळबांड्यांचं. प्रयागबाईला त्याच कुटुंबात घ्यावं लागणार होतं. पडद्यानं विचारलं: नंबरधारकाशी नाते? खाली यादी होती. 'इतर' निवडलं असतं तर चौकशी लागली असती, आणि चौकशीत पंधरवडा गेला असता. ती चौकशीची अटसुद्धा या शहाण्यानंच घातली होती, कारण इतर म्हणणारे सगळे बोगस असतात असं त्याचं ठाम मत होतं.

"काय इचारून राह्यला तो?" प्रयागबाईनं विचारलं.

"मी तुमचा कोन, ते."

"सांगून दे ना. गावातला आहे म्हनाव, ओळखीचा."

ते यादीत नव्हतं. हरीओमनं 'आई'वर बोट ठेवलं, तिचा अंगठा मशीनवर टेकवला, आणि स्वतःच्या नियमाखालचा पहिला बोगस माणूस झाला. फोन थरथरला. त्यानं बाहेर कार्ड तपासायच्या काउंटरवर जाऊन आकडा तिथल्या मुलीला सवयीनं मोठ्यांदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "काका, ओटीपी असा सगळ्यांसमोर सांगायचा नसतो." कार्ड चालू झालं.

आता निघावं म्हणून तो पिशवी आवरत होता, तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. "प्रयागबाईंचा मुलगा कोण?" हरीओम दाराकडे पाहू लागला. नर्सनं कागदावरचं नाव वाचलं, "हरीओम काळबांडे?" त्याच्या खात्यानं घातलेली जोडणी पहिल्यांदाच इतकी चोख चालली होती. त्यानं सही केली. ऑपरेशन होईपर्यंत मुलानं इथंच थांबायचं, असं त्याला बजावण्यात आलं.

त्यानं घरी फोन केला. "योगिनी, मले उशीर होईन. आईचं आपरेशन आहे."

"कोनत्या आईचं?" योगिनीनं विचारलं. "आपली त इथं तुरीच्या शेंगा सोलून राह्यली."

त्यानं सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून तो तयारीत होता. ती हसली नाही. "मंग थांबा तिथंच," एवढंच म्हणाली.

प्रयागबाईला आत नेताना तिनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. "विकासचा फोन येईन वाटते. आला त सांगजो, मी बरी आहे."

हरीओम बाकड्यावर बसला, फोन हातात धरून. एरवी जो फोन पाच मिनिटं गप्प बसत नसे, तो आता गप्प होता, कारण धनज त्यातून गेलं होतं. त्यानं विकासला आणखी दोनदा फोन केला, मेसेज टाकला. त्याला विकासचा राग आला, मग स्वतःचा आला. शेकडो माणसांना जोडल्याची शाल घेऊन आपण फिरलो, आणि इथे एका माणसाला एका माणसाशी जोडता येईना.

संध्याकाळी तिला बाहेर आणलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आलता फोन?"

"आलता," हरीओम म्हणाला. "आईले सांगा, काळजी नको करू, असं म्हनला विकास."

प्रयागबाई रागावली नाही.

"त्यानं मले जल्मात आई म्हटलं नाई रे बाबू," ती म्हणाली. "माय म्हनते तो."

बोगस माणसं पकडायला हरीओमला नियम लागला होता, बैठका लागल्या होत्या. तिला एक शब्द पुरला. शरमेनं त्यानं मान खाली घातली. तिनं चादरीतून हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला.

"जेवला काय तू?"

त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण दुसरं खोटं काही निघेना.

"नाई, माय," तो म्हणाला.