स्क्रीनवर हिरवा दिवा होता

दोस्तांनो, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनच्या सेन्सरचा जो ड्रायव्हर प्रोग्रॅम मी गेल्या आठवड्यात या ग्रुपवर टाकला, तो कुणीही वापरू नका.

चाकणच्या आमच्या कंपनीत मशीनच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं, तर तो सेन्सरचं कार्डच ओळखेना. मी तसल्याच दुसऱ्या कार्डाचा ड्रायव्हर थोडा बदलून बसवला. स्क्रीनवर सेन्सर चालू असल्याचा हिरवा दिवा आला. खूश होऊन मी इथे लिहिलं, "चालतोय."

आज दुपारी आमचे जुने ऑपरेटर लक्ष्मणमामा बीडहून, रजा संपवून आले. शिफ्ट सुरू करण्याआधी ते काठीला हातमोजा बांधून मशीनमध्ये घालतात. मध्ये काही आलं की सेन्सरने मशीन थांबवायला पाहिजे.

आज थांबलं नाही. मोज्याचा पापड झाला. दिवा हिरवाच.

मामा हळू आवाजात म्हणाले, "सायब, मी नव्हतो तर आठ दिवस ह्याच्यात लोकायचे हात जात होते."

आमचं मशीन मी बंद केलंय. पण तो ड्रायव्हर इथल्या एकवीस जणांनी उतरवून घेतलाय. सगळ्यांना मेसेज केले, उत्तर दोघांचंच आलंय.

बाकीच्यांकडे आत्ता दुसरी शिफ्ट चालू असेल ना?