कुणाचाच गुडघा दुखेना

आमच्या अंगणातल्या हौदात बरेच दिवस सिमेंटचे ठोकळे भिजत पडलेले असायचे. येणारी-जाणारी बाई विचारायची, "काय ओ काकू, घर वाढवायलाव का?" मी म्हणायची, "न्हाई बाई, संशोधन भिजायलंय."

खरंच होतं ते. नांदेडात आमचं घर विद्यापीठाच्या रस्त्याला आहे. पोरं पुण्याला गेली, वरच्या तीन खोल्या रिकाम्या झाल्या, आणि तेव्हापासून तिथं पीएचडीवाले राहतात. आपोआपच झालं, पाटी कधी लावली नाही. एक गेला की जाताना दुसऱ्याला सांगून जातो, काकू भाजीला तेल सोडत नाहीत पण प्रबंधातलं शुद्धलेखन फुकट बघून देतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि या भाडेकरूंच्या कागदांनी शिकवलं. त्यामुळं मला सिमेंटही थोडं येतं, मुलांचं मनही थोडं येतं आणि कापसावरची बोंडअळीही. कशातच धड नाही, पण गप्पा मारायला पुरतं.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी वर तिघं होते. ठोकळ्यांचा मालक हदगावकडचा, इंजिनिअर. सिमेंटमध्ये उसाच्या चिपाडाची राख किती घातली तर चालते, हे तो बघत होता. दुसरे गुरुजी. धर्माबादकडं, तेलंगणाच्या अंगाला त्यांची जिल्हा परिषदेची शाळा. घरी तेलुगू बोलणारी पोरं मराठीतलं गणित कसं समजून घेतात, हा त्यांचा विषय. ते शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. आणि तिसरी पोरगी. व्यायामानं दुखणं हलकं करायचं तिचं शास्त्र. खेड्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांचे गुडघे, हा तिचा विषय.

संध्याकाळी तिघंही खाली ओसरीवर चहाला यायचे आणि एकमेकांची रेवडी उडवायचे.

"गुडघ्यावर पीएचडी," इंजिनिअर म्हणायचा. "उद्या कोणी कोपरावर करील."

"तुमचा ठोकळा फुटला तर तुम्ही दुसरा करता," पोरगी म्हणायची. "गुडघा काय मोंढ्याच्या बाजारात मिळतो का?"

गुरुजी बशीत चहा ओतत म्हणायचे, "भांडू नका बाबांनो. तिघांचेही विषय अवघडच हायत. समोरचा खरं सांगत नाही."

त्या वेळी आम्ही हसलो. पुढं तेच खरं ठरलं.

पोरीला अभ्यासासाठी एक गाव पाहिजे होतं. मी म्हटलं, एवढंच ना. माझं सासर देवणीजवळ, लातूर जिल्ह्यात. तिथं माझी थोरली जाऊ आहे, तिला सगळे अक्का म्हणतात. गावात लग्न ठरायचं असो की बोअर घ्यायचं असो, अक्काला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मी फोन केला. अक्का म्हणाली, "दे पाठवून. आपल्या घरची पोर म्हणजे माझीच नात."

पावसाळ्यात पोरगी तिकडं जाऊ लागली. मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात बायका जमवायची. आधी कुणाला किती दुखतं ते विचारून लिहून घेतलं. मग व्यायाम दाखवला. पाय पसरायचे, गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची. पाय सरळ उचलायचा, धरायचा, सोडायचा. एवढंच. रोज घरी करायचं. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. कोणी ताक आणून द्यायची, कोणी हुरड्याला ये म्हणायची, एकीनं तर तिच्यासाठी स्थळही काढलं.

सोयाबीनची रास झाली तशी ती पुन्हा गेली, पुन्हा सगळ्यांना विचारलं, आणि पेढे घेऊनच परत आली. एकाही बाईचा गुडघा आता दुखत नव्हता. मी देवापुढं साखर ठेवली.

दोन दिवसांनी ती तिच्या मार्गदर्शक मॅडमकडं कागद घेऊन गेली आणि आली ती थेट वर जाऊन दार लावून बसली. जेवायलाही उतरली नाही. मी ताट घेऊन वर गेले तेव्हा कुठं बोलली.

"मॅडम म्हणल्या, असं औषध जगात नसतं. एक तरी बाई म्हणली असती की फरक पडला नाही. सगळ्यांची उत्तरं सारखी कशी? त्यांना वाटतंय मी खोलीत बसून भरलंय, काकू."

"तू काय म्हणलीस?"

"काय म्हणणार? त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं."

मॅडमनी तिला उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर काम खरं असल्याचं दाखवायचं, नाहीतर त्या तिच्या मार्गदर्शक राहणार नव्हत्या. पीएचडी गेली तर दुसरी करता येते. पण खोटं लिहिणारी असा शिक्का बसला तर कोणत्या दवाखान्यात, कोणत्या कॉलेजात उभी राहणार ती? आणि गाव तर मीच दिलं होतं. मी खाली आले आणि अक्काला फोन लावला.

"अक्का, खरं सांगा. तुमचा गुडघा बरा झालाय?"

"कशाचा बरा होतोय ग. सकाळी उठले की करकर वाजतंय."

"मग पोरीला का सांगितलात दुखत न्हाई म्हणून?"

"मंग काय सांगायचं होतं?" अक्काच चिडली. "परक्याची लेक, उन्हातान्हात बसचे धक्के खात येती. तिची परीक्षा हाय म्हणली. तिला तोंडावर म्हणायचं का, बाई तुझ्या इद्येचा काही उपेग झाला न्हाई? मीच घरोघर जाऊन सांगून आले, कुणी दुखतंय म्हणायचं न्हाई. पोर पास झाली पाहिजे."

मी कपाळाला हात लावला आणि मग एकटीच हसत बसले. आमच्याकडं हे असंच. पाहुण्याला विचारलं, भाजी कशी झाली, तर अळणी भाजीही झकास असते.

शनिवारी ओसरीवर मी हे सांगितलं. पोरीला रडावं की हसावं कळेना. गुरुजी मात्र खूष झाले.

"ही तर माझ्या वर्गाची गोष्ट हाय. समजलं का म्हणलं की सगळी पोरं हो म्हणतात. ज्याला काहीच कळलं नाही तो सगळ्यात मोठ्यानं म्हणतो. गुरुजीला वाईट वाटू नये म्हणून. विचारायचंच नसतं. करायला लावायचं."

"आम्ही ठोकळ्याला कधी विचारतो का, दुखतंय का म्हणून?" इंजिनिअर म्हणाला. "भार टाकायचा. तो आपोआप बोलतो."

"बायकांवर भार टाकू का मी?" पोरगी म्हणाली.

"मग गुपचूप बघ की," मी म्हटलं. "कोण कशी उठती, कशी बसती."

"चोरून बघितलेलं चालत नाही काकू. आधी विचारून परवानगी घ्यावी लागते."

आता आली का पंचाईत. विचारलं तर खोटं सांगतात आणि विचारल्याशिवाय बघता येत नाही. शेवटी मी म्हटलं, चल, सरळ जाऊन खरं सांगू. आम्ही दोघी देवणीची गाडी धरून गेलो. सभामंडपात बायका जमल्या. मी समजावून सांगितलं की तुमच्या चांगुलपणानं पोरीवर बालंट आलंय. दुखत असेल तर दुखतं म्हणा.

सगळ्या बायका अक्काच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग अक्का म्हणाली, "म्हंजे दुखलं तर पास हाय होय? आधी सांगायचं की बाई."

आणि मग जे कण्हणं सुरू झालं. एकीचा गुडघा रात्रभर ठणकत होता. दुसरीला उंबरा ओलांडवत नव्हता. अक्कानं तर उजवा पाय कामातूनच गेल्याचं जाहीर केलं आणि बोलता बोलता उठून, घंटेला लोंबकळणाऱ्या पोरांना हाकलून आली. आम्ही होतो तशाच परत आलो.

यातून वाट निघाली ती एका शनिवारी, आमच्याच ओसरीवर. मी तांदूळ निवडत खाली बसले होते. उठताना मला हात टेकावा लागतो. शेजारी इंजिनिअरचा ठोकळे तोलायचा चपटा काटा पडला होता, त्यावरच हात टेकून उठले. इंजिनिअर तिथंच होता. आकडा बघून म्हणाला, "काकू, पुन्हा बसा."

"का रे? काटा मोडला का?"

"नाही, बसा तर. आणि उठा."

पाच-सहा वेळा त्यानं मला उठबस करायला लावली. मग पोरीला हाक मारली. "हे बघ. एक खांब कच्चा असला की भार दुसऱ्यावर जातो. यांचा गुडघा जेवढं घेत नाही, तेवढं हात घेतोय. हाताखाली काटा ठेव, तुला विचारायलाच नको."

पोरगी स्वतःच काट्यावर हात टेकून उठबस करून बघायला लागली. गुरुजी म्हणाले, "फक्त एक करा. आकडा जास्त आलेला चांगला का कमी, हे बायकांना शेवटपर्यंत सांगू नका. उत्तर कोणतं पाहिजे हे कळलं की पोरं तेच देतात."

मॅडमना पोरीनं सगळं सांगितलं, अक्काचा फोनसुद्धा. मॅडम हसल्या म्हणे, पण पुरतं पटलं नव्हतं. विद्यापीठाच्या कमिटीची परवानगी घे, म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सुरू कर.

परवानगी आली तोवर वेळ अमावस्या आली होती. आमच्याकडं येळवस म्हणतात तिला. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, पूजा करायची आणि जमिनीवर मांडी घालून भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. आम्ही चौघंही गेलो. इंजिनिअरनं आंबील इतकी प्यायली की त्याला बाभळीखाली आडवं करावं लागलं. गावभरच्या बायका आमच्याच रानात गोळा झाल्या. पोरीनं प्रत्येकीला विचारलं, उठताना हातावर किती भार पडतो ते मोजू का? मोज की, त्यात काय.

पण काटा बघितल्यावर बायका बेजार झाल्या.

"लई आला का कमी आला?"

"सांगता येत नाही मावशी."

"बरं, चांगला आला का वाईट? तेवढं तर सांग."

"तेही नाही."

अक्का काट्यावर हात ठेवून बसूनच राहिली. "पोरी, मी दाबू का सोडू? तुला कसं पाहिजे तसं करते."

"तुम्ही नुसतं उठा अक्का."

अक्का उठली. नाराज होऊनच. आयुष्यात पहिल्यांदा तिला पाहुणीला काय आवडेल ते कळत नव्हतं.

त्यानंतर पोरगी दर आठवड्याला जाऊन व्यायाम करून घेऊ लागली. पाडवा झाल्यावर पुन्हा तोच काटा, तीच उठबस. या वेळी मॅडम स्वतः आल्या. देवळाच्या पायरीवर बसून एकेक आकडा बघत होत्या. बऱ्याच बायकांच्या हाताचा भार कमी झाला होता. काहींचा होता तसाच. दोघी-तिघींचा तर वाढला होता. अक्काचा जिथल्या तिथं.

पोरीचं तोंड उतरलं. मॅडमनी कागदांची घडी केली आणि तिच्या हातात दिली. "आता लिही," म्हणाल्या. "यात नापास झालेल्या बायका आहेत. आता मला हे खरं वाटतंय."

गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उदगीर येईपर्यंत झोपली. कितीतरी महिन्यांनी अशी झोपली असेल.

प्रबंध लिहून झाल्यावरची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते, कुणीही जाऊन बसावं. अक्का नवं लुगडं नेसून एसटीनं आली, सोबत लाडवांचा डबा. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो, मी, अक्का, गुरुजी आणि इंजिनिअर. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी बरंच काही विचारलं, पोरगी धीरानं बोलत होती. मग ते म्हणाले, "पहिल्या फेरीचे निष्कर्ष तुम्ही रद्द केले, असं लिहिलंय. कारण काय?"

पोरगी म्हणाली, "माझी विचारण्याची पद्धत चुकली, सर."

माझ्या शेजारी हालचाल झाली. अक्कानं माझ्या खांद्यावर हात टेकला आणि उठली. चांगला भार पडला, मला काट्याशिवाय कळला.

"साहेब, तिचं काही चुकलं न्हाई," अक्का म्हणाली. "आमी खोटं बोललो. मीच सगळ्यांना बोलायला लावलं. आन माझा आकडा कमी न्हाई झाला, कारण मी येक दिस बी व्यायाम केला न्हाई. दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्या करायल्यात का बघायचे, त्यातच दिस जायचा. पोरगी खरी हाय."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मॅडम खाली बघत हसत होत्या. साहेब म्हणाले, "बसा आजी. आम्हाला अजून काही विचारायचं राहिलेलं नाही."

बाहेर आल्यावर पोरगी अक्काच्या पाया पडली. मग वर बघून दटावणीच्या सुरात म्हणाली, "आता तरी व्यायाम करा."

"करते," अक्का लाडवाचा डबा उघडत म्हणाली. "पर केला का म्हणून इचारू नको. काटा घेऊन ये."