चेहऱ्यापुरता उजेड
ताईच्या स्थळासाठी फोटो काढायला आम्ही आसगावहून भंडाऱ्याला गेलो. स्टुडिओतला फोटोग्राफर एका जागी ठरतच नव्हता. स्टँडवरचा फ्लॅश सरकवायचा, उजेडाचा झोत आवळणारा-पसरवणारा त्याचा झूम बदलायचा, डोकं खाजवायचा, पुन्हा बदलायचा.

आई त्याला हळूच म्हणाली, "मानेवरचं कोड दिसू देऊ नोको, बाबू."

त्यानं झूम वाढवला. उजेड आवळून चेहऱ्यापुरता उरला, मान अंधारात गेली. फोटो पाहून आई खूश झाली. तो मात्र बोटं मोडत येरझारा घालू लागला.

"काकू, ताईले विचारलं काय?"

कुणीच विचारलं नव्हतं.

ताई म्हणाली, "दिसू द्या."

त्यानं घाईघाईनं झूम कमी केला. उजेड मानेवर पसरला. आई उठली. मला वाटलं, आता भांडणार. तिनं ताईच्या मानेवर अर्धवट आलेला पदर मागं सारला.