एकच फोन असलेल्या घराचा पेपर

माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं. लग्नानंतर सासरी हे सांगितलं तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "ह्याचा पगार बी देतात?" देतात. कौतुक मात्र करत नाहीत. सॉफ्टवेअर नीट चाललं की ते लिहिणाऱ्याचं नाव होतं, आणि अडलं की पहिला प्रश्न, "टेस्टिंग केलं नव्हतं का?"

नांदेडला एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. लातूरच्या क्लासेसना लागणारी ॲप आम्ही बनवायचो. हजेरी, सराव परीक्षा, मार्क, असलं सगळं. तेव्हा लातुरात क्लासेसचा नुसता पूर आला होता. ज्याच्या घरात एक खोली जास्त, तो तिच्यात चार कॉट टाकून पोरं ठेवायचा. आमचे साहेब पुण्यात नोकरी करून परतलेले. येताना त्यांनी 'अजाईल' नावाची पद्धत आणली. काम पंधरवड्याच्या तुकड्यांत करायचं, रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यापुढं उभं राहून काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं, आणि पंधरवडा संपला की जेवढं तयार असेल तेवढं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.

या पद्धतीत टेस्टरनं पहिल्या दिवसापासून सगळ्यांसोबत बसायचं असतं. आमच्याकडं पहिल्या दिवशी डेव्हलपर आणि समोसे बसायचे, मला शेवटी बोलवायचे. वरातीमागून घोडं! वर मी काही चूक काढली की साहेब म्हणायचे, "मॅडम, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मी म्हणायचे, "सर, नकटी मी नाही, तुमचं ॲप आहे." मला गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव. माहेरी त्याचा त्रास झाला, नोकरीत उपयोग झाला.

परीक्षेचं ॲप लिहिणारा डेव्हलपर भोकरकडच्या एका खेड्यातला होता. हुशार, मनानं चांगला, आणि मला ताई म्हणायचा. एकदा लातूरच्या एका क्लासनं ठरवलं की खेड्यातल्या मुलांसाठी एक फुकट बॅच काढायची, राहण्याजेवणासकट. निवडीची परीक्षा पुढं एका रविवारी, आमच्याच ॲपवर, घरबसल्या. एकदाच, पुन्हा नाही. डेव्हलपरची धाकटी बहीण त्या परीक्षेला बसणार होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. निवड झाली तर लातूर, नाहीतर भोकरच्या कॉलेजात जमेल तेवढं. तो फळ्यापुढं उभं राहून कामाऐवजी तिचंच सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. तिनं खरंच पहाटे उठून अभ्यास चालवला होता.

क्लासच्या सरांची एकच अट होती, कॉपी चालणार नाही. म्हणून आमच्या पोरांनी नियम घातला की परीक्षेच्या स्क्रीनवरून कुणी बाहेर गेलं की पेपर तिथंच बंद आणि जमा. माझ्याकडं ते आलं तेव्हा मी ऑफिसच्या सगळ्या फोनवर तपासलं. फोन जुने, नवे, स्वस्त, महाग, सगळे होते. नियम चोख चालला. फळ्यावर प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असायची; याची चिठ्ठी मी 'टेस्टिंग'च्या रकान्यातून 'झालं'च्या रकान्यात सरकवली.

त्याच आठवड्यात मी लातूरला माहेरी निघाले. गाडीत वेळ जात नव्हता म्हणून स्वतःच्या फोनवर त्याच ॲपमधला सराव पेपर सोडवत बसले. लोह्याच्या पुढं झोप लागली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा नवा पेपर उघडला. चांगला अर्धा सोडवून झाला होता आणि आईचा फोन आला. "कुठवर आलीस?"

आमच्या आईचं हे भूकंपापासूनचं. त्या वर्षी मामा किल्लारीकडं नोकरीला होता आणि तो जिवंत आहे की नाही हे कळायला तिला फार वाट बघावी लागली. तेव्हापासून घरातलं माणूस आत्ता कुठं आहे हे तिला माहीत असावं लागतं. आम्ही चिडतो, हसतो, पण फोन उचलतो. मीही उचलला. ठेवून बघते तर पेपर बंद, जमा, आणि खाली लाल अक्षरात, 'आपण परीक्षा सोडली आहे.'

मला आधी हसू आलं, मग ऑफिसचे फोन आठवले. ऑफिसच्या एकाही फोनमध्ये सिमकार्ड नव्हतं. सगळे वायफायवर. त्यांना कधी कुणाची आई फोन करणार?

सोमवारी, परीक्षेला सहा दिवस उरले असताना, फळ्यापुढं मी सांगितलं, हे असं द्यायचं नाही. साहेब वैतागले. "पोरं फोन सायलेंट ठेवतील की! सूचना लिहू." मी म्हटलं, सायलेंट ठेवला तरी कॉल स्क्रीनवर येतोच. आणि कॉल अडवायला विमानाचं बटण दाबलं तर नेटही जातं. साहेब म्हणाले, "दोन तास कोण कशाला फोन करतंय?" डेव्हलपरला आपला नियम सोडवेना, आणि मला त्याचं वाईटही वाटत होतं. मेहनत त्याचीच होती. शेवटी मी त्यालाच म्हटलं, "तुझ्या बहिणीला आत्ता सराव पेपर उघडायला सांग."

त्यांच्या घरात एकच स्मार्टफोन होता, वडिलांचा. वडील मोटारी दुरुस्त करतात, पाण्याच्या. पंचक्रोशीत कुणाची मोटार जळाली की त्यांचा फोन वाजतो. तिनं पेपर उघडला आणि आम्ही सगळे चहा घेत उभे राहिलो. चहा संपायच्या आत तिचा फोन आला. डेव्हलपरनं स्पीकरवर टाकला.

"दादा, पेपर गेला. मोटारवाल्याचा फोन आला, मी उचलला बी न्हाई. आपोआप गेला." मग घाबरून म्हणाली, "रविवारी असंच झालं तर?"

डेव्हलपरनं जाऊन चिठ्ठी स्वतःच्या हातानं मागं सरकवली.

नवा नियम मी आणि त्यानं शेजारी बसून ठरवला. फोन नुसता वाजला तर पेपर चालू राहील. उचलला तर प्रश्न झाकले जातील, घड्याळ चालूच. पण अट क्लासच्या सरांची होती, म्हणून त्यांना विचारायला हवं. मी फोन केला. सर म्हणाले, "मॅडम, ढील दिली की कॉपी होणारच."

"सर, कॉपी करणारा दुसऱ्या फोनवरून करतो. ज्याच्या घरात फोनच एक आहे, त्याला कशाला शिक्षा?"

"हाव," सर म्हणाले, "आमच्या घरी तर एक बी नव्हता. करा."

शनिवारी संध्याकाळी नवं ॲप गेलं. रविवारी परीक्षा झाली. डेव्हलपरच्या वडिलांचा फोन मधे वाजला, वाजत राहिला, आणि बहिणीनं न उचलता पेपर पूर्ण केला. पुढच्या पंधरवड्याच्या पहिल्या बैठकीला मला बोलावणं आलं, समोशासकट. तेव्हापासून नवं काही ठरायच्या आधी, हे कोण वापरणार आणि कुठं बसून, हे मीच विचारते.

पण निकालात तिचं नाव नव्हतं. थोडक्यात राहिली होती.

डेव्हलपर माझ्याकडं आला. डोळे लाल. "ताई, एकदा बघता का? कुठं तरी उत्तर पोचलं नसंल. फोन वाजला तेव्हा काहीतरी गडबड झाली असंल." साहेबांनी सरांची परवानगी काढली आणि मी दिवसभर तिचा पेपर तपासला. प्रत्येक उत्तर कधी दिलं, कधी पोचलं, मार्क कसे पडले. फोन वाजला ती मिनिटं तर पुन्हा पुन्हा. इतकी वर्षं मी चुका शोधते. एखादी तरी सापडावी म्हणून देवाला हात जोडले ते त्याच दिवशी. सापडली नाही. सगळं जिथल्या तिथं होतं.

तिला मीच फोनवर सांगितलं. भावाला जमेना.

"म्हणजे मी लिहिलेलं सगळं पोचलं?"

"सगळं पोचलं गं."

पलीकडं ती रडत होती, मीही. मग तिनं नाक ओढलं. "बरं झालं, ताई," ती म्हणाली. "बाबा लई दिवसांपासून जेवून न्हाई राहिले. त्यांला वाटून राहिलं, त्यांच्या फोननंच माझं वाटोळं केलं. आता जाऊन सांगते त्यांला, की मलाच आलं नव्हतं."