विहिरीच्या पाण्याची मोजणी

नालासोपाऱ्यात आमच्या इमारतीखाली जवळच्या गास गावची एक बाई भाजी घेऊन बसायची. मी तिला काकी म्हणायचे. तिची एकुलती एक मुलगी एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेली. कशामुळे झाला, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. तीन महिन्यांनी काकी माझ्या दारात उभी राहिली. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात लोणच्याच्या बरणीत भरलेली माती.

"तू किरनं मोजते ना? आमच्या विहिरीचं पानी बघ. शेजारच्या जागेत भराव टाकला ना, तेव्हापासनं पोरगी झिजत गेली."

क्षीण किरणोत्सर्ग मोजणं हेच माझं काम. आमच्या यंत्रात दोन स्फटिक एकमेकांना चिकटवलेले आहेत, पुढचा पातळ, मागचा जाड. किरण आदळला की स्फटिक लुकलुकतो. पातळाची लुकलुक झटकन विझते, जाडाची रेंगाळते; त्यावरून कोणता उजळला ते कळतं. नमुन्यातला क्षीण किरण पुढच्याच थरात थांबतो. मागचा उजळला, की तो किरण बाहेरून, भिंतीतून नाहीतर आकाशातून आलेला समजायचा आणि सोडून द्यायचा. एवढी गाळणी लावल्यावर उरतं ते फार थोडं, पण खरं असतं.

प्रयोगशाळेतल्या साहेबांनी सुट्टीच्या दिवसांत यंत्र वापरू दिलं. शिशाच्या जाड पेटीत आधी पाणी ठेवलं, मग माती. आकडे बघताना मी मनातून काहीतरी सापडावं म्हणत होते. त्याची मला अजून लाज वाटते.

काहीच नव्हतं. कुठल्याही शेतात असतं तेवढंच.

मी गासला जाऊन तसं सांगितलं. काकी ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले.

"परत बघ ना. दुसरी माती देते."

भरावाच्या अगदी कडेची माती तिनं स्वतः खणून दिली. तीही मोजली. फरक नव्हता. तेही तिला जाऊन सांगितलं.

"म्हंजे पानी चांगलंय?"

"किरणांचं म्हणाल तर चांगलं आहे, काकी. बाकीचं आमच्या यंत्राला कळत नाही."

हे दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नाही. ती म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकलं असनार. फवारनीच्या दिवसांत मीच तिला भाजीच्या वाडीत न्यायची."

मी पुष्कळ समजावलं. ती मान हलवत राहिली. खोटा आकडा सांगितला असता, तर निदान रागवायला तिला तो भराव तरी उरला असता, असं परतताना रिक्षात वाटलं.

पुढे तिनं भाजी घेऊन बसणं बंद केलं. मध्ये एकदा मी तिच्या घरी गेले, तर तिच्या नवऱ्यानंच दार उघडलं. वाडी या वर्षी पडीक ठेवलीय म्हणाला. आत काकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं दोनदा हाक मारली. ती वळली नाही.